वाटणीआधी गळती मोजा

१ ऑगस्ट २०२४. साहित्यरत्न अण्णाभाऊ साठे यांच्या जयंतीचा दिवस. नेमक्या त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 'पंजाब राज्य विरुद्ध दविंदर सिंग' या प्रकरणात सहा विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला की, अनुसूचित जातींच्या यादीचे उपवर्गीकरण करण्याचा अधिकार राज्यांना आहे. मातंग समाजाची कित्येक वर्षांची अ-ब-क-ड ची मागणी एका दिवसात कायदेशीर चौकटीत आली. बौद्ध वस्त्यांत मात्र निषेधाच्या बैठका सुरू झाल्या, २१ ऑगस्टला भारत बंद झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती अनंत बदर यांची एकसदस्यीय समिती नेमली आणि तेव्हापासून एकाच यादीतील दोन भावंडे एकमेकांकडे संशयाने पाहू लागली. मनुवादी छावणीला याहून वेगळे काय हवे होते?

या विषयावर आमच्याकडे येणारे तरुण एकच प्रश्न विचारतात, "वकीलसाहेब, आपलं आरक्षण जाणार का?" त्यांना आम्ही उलट विचारतो, "बाबा रे, आज तुझ्या हाती किती आहे ते आधी सांग." या प्रश्नाचे उत्तर फारच थोड्यांकडे असते. तेरा टक्के हा आकडा सर्वांना पाठ आहे. पण त्या तेरापैकी प्रत्यक्षात भरलेले किती, रिकामे किती, कंत्राटदाराच्या खिशात गेलेले किती, याचा हिशेब कोणी मांडत नाही. आरक्षणाच्या धोरणात सुधारणा झालीच पाहिजे, या मताचे आम्हीही आहोत. पण सुधारणेचा पहिला हात कुठे घालायचा, यावर आमचे आणि राज्यकर्त्यांचे मतभेद आहेत.

आधी निकालाविषयी, कारण तो न वाचताच बोलणारे दोन्ही बाजूंना आहेत. २००४ साली 'ई. व्ही. चिन्नय्या' प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी म्हटले होते की, अनुच्छेद ३४१ खालील यादी हा एकच एकसंध वर्ग आहे, राज्यांना त्यात फोड करता येणार नाही. आंध्र प्रदेशचा कायदा त्यामुळे गेला. २०२४ च्या निकालाने ते मत बदलले. परंतु राज्यांच्या हाती कोरा धनादेश दिलेला नाही. एखाद्या उपगटाला सर्वच्या सर्व जागा देऊन बाकीच्यांना बाहेर काढता येणार नाही, आणि एखादी जात मागे राहिली आहे, तिला पुरेसे प्रतिनिधित्व नाही, हे राज्याला मोजता येण्याजोग्या आकडेवारीने सिद्ध करावे लागेल. ती फोड न्यायालयात तपासली जाईल. क्रीमी लेयरबद्दल न्या. भूषण गवई यांच्यासह चार न्यायमूर्तींनी मते व्यक्त केली, पण पीठापुढे पाठवलेला प्रश्न तो नव्हता. ९ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानेही अनुसूचित जाती-जमातींना क्रीमी लेयर लागू होणार नाही अशी भूमिका जाहीर केली. तेव्हा 'आरक्षण संपले' म्हणून छाती पिटण्याचे कारण नाही आणि 'न्याय मिळाला' म्हणून गुलाल उधळण्याचेही नाही.

आता आपल्याच माणसांना रुचणार नाही असे थोडे बोलतो. मातंग बांधवांची तक्रार खरी आहे. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील अनुसूचित जातींच्या लोकसंख्येत महार ५७.५ टक्के, मांग २०.३ टक्के आणि भांबी-चांभार १२.५ टक्के होते. या वीस टक्क्यांचा वाटा नोकऱ्यांत, महाविद्यालयांत वीस टक्के दिसतो का? तालुक्याच्या कचेरीत उभे राहून डोळे उघडे ठेवणाऱ्या कोणालाही त्याचे उत्तर माहीत आहे. २००३ साली शासनाने मातंग समाजाच्या अभ्यासासाठी क्रांतिगुरू लहुजी साळवे यांच्या नावाने आयोग नेमला होता. एका जातीच्या मागासलेपणासाठी स्वतंत्र आयोग नेमावा लागतो, यातच सारे आले. त्या आयोगाच्या शिफारशींसाठी मोर्चे निघाले तेव्हा आपल्या किती संघटना त्यांच्या खांद्याला खांदा लावून चालल्या, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

पण 'महारांनी सगळे खाल्ले' ही जी कुजबुज गावोगाव पेरली जाते, ती धादांत खोटी आहे. महार समाजाच्या वाट्याला गावात कसब नव्हते, होती ती येसकरकी आणि मेलेली ढोरे ओढणे. गावाशी बांधून ठेवणारा धंदाच नसल्यामुळे तो पलटणीत गेला, गिरणीत गेला, रेल्वेत गेला. बोधिसत्व बाबासाहेबांच्या हाकेसरशी त्याने गावकीची कामे टाकली, १९५६ ला देवही टाकले. १९४६ चे सिद्धार्थ आणि १९५० चे मिलिंद महाविद्यालय यांच्या दारात तो आधी पोहोचला. दोर वळणारा, केरसुणी बांधणारा, हलगी वाजवणारा मातंग समाज मात्र बलुत्याच्या चार पेंढ्यांमुळे गावाला जखडून राहिला. त्यामुळे रांगेत एक भाऊ आधी उभा राहिला आणि दुसरा उशिरा. यात पहिल्याने दुसऱ्याचे काही चोरलेले नाही. १८५५ साली जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीने 'ज्ञानोदय'मध्ये निबंध लिहिला, त्याचे शीर्षकच मांग-महारांच्या दुःखाविषयीचे होते. चौदा वर्षांच्या त्या पोरीला दोघांचे दुःख एका वाक्यात मांडता आले. पावणेदोनशे वर्षांनी आपल्याला दोन मोर्चे लागतात.

म्हणून आमची भूमिका अशी की, आकडेवारीला आपण घाबरू नये, उलट आपणच ती मागावी. पण अर्धवट नको, सगळी हवी. कोणत्या जातीचे किती, एवढेच मोजून भागणार नाही. मंजूर पदे किती, भरलेली किती आणि अनुशेष किती, हेही त्याच तक्त्यात आले पाहिजे.

कारण गळती कुठे कुठे आहे पाहा. पहिली गळती जिन्यावर आहे. १९९२ च्या मंडल निकालात पदोन्नतीतील आरक्षण नाकारले गेले. संसदेने १९९५ ला ७७ वी घटनादुरुस्ती करून ते परत आणले, २००१ ला ८५ व्या दुरुस्तीने ज्येष्ठताही दिली. २००६ साली 'एम. नागराज' निकालाने त्याला अटी घातल्या. मागासलेपण दाखवा, प्रतिनिधित्व अपुरे असल्याचे दाखवा, प्रशासनाच्या कार्यक्षमतेला बाधा येत नाही हे दाखवा. यातली मागासलेपणाची अट २०१८ साली 'जर्नैल सिंग' निकालाने अनुसूचित जाती-जमातींपुरती काढून टाकली, बाकीच्या राहिल्या. आता महाराष्ट्राने काय केले? २५ मे २००४ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीत आरक्षण दिले खरे, पण नागराज निकालानंतर अकरा वर्षांत न्यायालयापुढे ठेवण्याजोगी आकडेवारी गोळा केली नाही. ४ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द ठरवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ते प्रलंबित असतानाच ७ मे २०२१ रोजी शासनाने आदेश काढला की, पदोन्नतीच्या कोट्यातील सर्व पदे २५ मे २००४ च्या स्थितीप्रमाणे सेवाज्येष्ठतेने भरावीत. आकडे गोळा केले नाहीत शासनाने, शिक्षा झाली मागासवर्गीय कर्मचाऱ्याला! ज्यांना अकरा वर्षांत आपल्याच कार्यालयातील माणसे मोजता आली नाहीत, तेच आता एकोणसाठ जातींची मोजदाद करून न्याय्य वाटणी करणार म्हणतात. केंद्रातही चित्र वेगळे नाही. २०१९ साली केंद्राच्या ८९ सचिवांपैकी अनुसूचित जातीचा सचिव एक होता. अक्षरशः एक. या एकाचे उपवर्गीकरण कसे करणार?

दुसरी गळती कंत्राटाची. घटनेच्या अनुच्छेद १६(४) मध्ये राज्याच्या सेवेतील पदांना आरक्षण आहे. पद राज्याचे न राहता एजन्सीचे झाले की अनुच्छेद तिथेच थांबतो. सफाई, सुरक्षा, संगणकचालक, शिपाई, वाहनचालक, म्हणजे आपली पोरे पहिल्यांदा जिथे शिरत होती ती सारी दारे आधी एजन्सीकडे गेली. ६ सप्टेंबर २०२३ रोजी महाराष्ट्र शासनाने नऊ एजन्सींमार्फत मनुष्यबळ घेण्याचा आदेश काढला, तेव्हा त्यात अभियंत्यापासून शिक्षकापर्यंतची पदे आली. राज्यभर तरुण रस्त्यावर उतरले आणि २० ऑक्टोबरला तो आदेश रद्द करण्याची घोषणा करावी लागली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने ४५ वरिष्ठ पदांवर थेट बाहेरून माणसे घेण्याची जाहिरात दिली, एकेक पद स्वतंत्र दाखवले म्हणजे आरक्षणाचा प्रश्नच येत नाही, आणि तीन दिवसांत तीही मागे घेतली. दोन्ही वेळा माघार घ्यावी लागली, कारण दोन्ही वेळा मांग, महार, चांभार, ओबीसी असा भेद न करता आवाज उठला होता. २०१९ चा १३ बिंदू रोस्टरचा लढा आठवा. ५ मार्चला बंद झाला, ७ मार्चला अध्यादेश निघाला आणि पुढे कायदाही झाला. एकत्र लढल्यावर काय मिळते याचे पुरावे आपल्याकडे आहेत.

केंद्राच्या स्थायी सूचनांप्रमाणे ४५ दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या तात्पुरत्या नेमणुकांनाही आरक्षण लागू आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने आपल्या सर्व खात्यांना याची पुन्हा आठवण करून दिली. आठवण करून द्यावी लागली, यावरूनच पालन किती होत होते ते समजा. पण एजन्सीमार्फत आलेल्या माणसाला ही सूचनाही स्पर्श करत नाही. म्हणून आमच्या मते धोरणातील पहिली सुधारणा हीच हवी. जिथे पगाराचा पैसा सरकारी तिजोरीतून जातो, तिथे माणूस कोणाच्याही नावावर असो, बिंदूनामावली लागू झाली पाहिजे. यासाठी राज्याने २००१ च्या आरक्षण अधिनियमात दुरुस्ती करावी. कुठल्या समितीची त्यासाठी गरज नाही.

तिसरी गळती कागदाची असते आणि ती दिसतही नाही. १३ ऑगस्ट २०१४ चा समांतर आरक्षणाचा शासन निर्णय घ्या. त्याचा अर्थ असा लावला गेला की, खुल्या प्रवर्गातील महिलांच्या जागांवर मागासवर्गीय मुलीला गुणवत्ता असूनही दावा करता येणार नाही. म्हणजे खुला प्रवर्ग हा उरलेल्यांचा राखीव कोटा झाला! १९ डिसेंबर २०१८ ला शासनाने ती दुरुस्ती केली आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये 'सौरव यादव' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले की, खुल्या जागा सर्वांसाठी खुल्या असतात. मधल्या चार वर्षांत किती हुशार मुली घरी बसल्या असतील? त्यात बौद्ध होत्या, मातंग होत्या, धनगर होत्या, माळी होत्या.

शिष्यवृत्तीचेही तेच. १९४४ पासून चालत आलेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना केंद्राने २०२१ ला सुधारली, तेव्हाही उत्पन्नमर्यादा अडीच लाखच ठेवली. इकडे २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने ज्यांना 'आर्थिक दुर्बल' म्हटले त्यांची मर्यादा आठ लाख. महिन्याला एकवीस-बावीस हजार मिळवणारा सफाई कामगार सधन, आणि साठ-पासष्ट हजार मिळवणारा सवर्ण दुर्बल! महाराष्ट्रात फ्रीशिपमुळे फी तरी वाचते, पण निर्वाहभत्ता जातो. लातूर-नांदेडकडून पुण्याला शिकायला आलेल्या मुलाचे शिक्षण फीपेक्षा खोलीभाड्याने आणि खाणावळीने मोडते, हे वसतिगृहाच्या प्रतीक्षा यादीत राहिलेल्या कोणालाही विचारा.

बरे, हे सगळे मोडणाऱ्यांना शिक्षा काय? महाराष्ट्राच्या २००१ च्या आरक्षण अधिनियमात, जो २९ जानेवारी २००४ पासून अमलात आला, कलम ८ मध्ये तरतूद आहे. हेतुपुरस्सर कायद्याचा भंग करणाऱ्या अधिकाऱ्याला नव्वद दिवसांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऐकायला बरे वाटते. पण शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यायालयाला दखलच घेता येत नाही. चोरावर खटला भरायला चोराच्या मालकाची परवानगी! वकिलीच्या इतक्या वर्षांत या कलमाखाली शिक्षा झालेला एकही अधिकारी आमच्या पाहण्यात नाही. ही परवानगीची अट काढणे आणि अनुशेष ठेवणाऱ्या नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या गोपनीय अहवालात तशी नोंद घेणे, या दोन गोष्टी केल्या तरी निम्मी बिंदूनामावली आपोआप सरळ होईल.

मग उपवर्गीकरणाचे काय? ते टाळायचे, असे आम्ही म्हणत नाही. शेजारच्या तेलंगणाने १४ एप्रिल २०२५ पासून आपल्या पंधरा टक्क्यांचे एक, नऊ आणि पाच असे तीन भाग केलेच आहेत. आमचे म्हणणे पद्धतीबद्दल आहे. जागा कायमच्या कापून वेगळ्या डब्यात ठेवल्या आणि त्या डब्यातला उमेदवार वर्ग एकच्या पदासाठी मिळाला नाही, तर ती जागा जाणार कुठे? 'योग्य उमेदवार उपलब्ध नाही' हा शेरा मारायला प्रशासन टपलेलेच असते. जागा एकदा रिकामी राहिली की ती गोठते, गोठलेली जागा निरसित होते, निरसित झालेली एजन्सीकडे जाते. क्रीमी लेयरचा आग्रहही आम्हाला याच कारणाने घातक वाटतो. प्राध्यापकाच्या, न्यायाधीशाच्या, संचालकाच्या पदापर्यंत पोहोचणारे उमेदवार बहुधा दुसऱ्या पिढीचेच असतात. त्यांना बाहेर काढले तर त्या जागेवर पहिल्या पिढीचा मजूरपुत्र लगेच येत नाही, तिथे जुनेच लोक बसतात. आणि मुळात आरक्षण हा गरिबी हटावचा कार्यक्रम नव्हे. ते प्रतिनिधित्व आहे. १९४३ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांना केंद्रीय नोकऱ्यांत सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास वाटा मिळवून दिला, १९४६ ला तो साडेबारा टक्के झाला, तेव्हा त्यांनी कोणाचा उत्पन्नाचा दाखला मागितला नव्हता.

वाट मात्र आहे, आणि ती आपल्याच कायद्यात आहे. याच २००१ च्या अधिनियमात विमुक्त जाती-अ ला तीन, भटक्या जमाती-ब ला अडीच, क ला साडेतीन आणि ड ला दोन टक्के अशी फोड केलेली आहे. पण त्याच वेळी हे चारही गट परस्पर बदलण्याजोगे ठेवले आहेत. एका गटाचा उमेदवार त्या भरतीवर्षात मिळाला नाही, तर जागा दुसऱ्या गटाकडे जाते. अनुसूचित जातींसाठीही असेच करता येईल. मातंग, वाल्मीकी-मेहतर, होलार, ढोर अशा मागे राहिलेल्यांना पहिला अग्रक्रम द्या, त्यातही ज्याच्या घरात आजवर सरकारी नोकरी आलेली नाही त्याला आधी बोलवा. त्यातून जागा उरली तर ती त्याच दिवशी, त्याच निवड यादीतून अनुसूचित जातीतीलच दुसऱ्याला मिळावी. तेरातील एकही जागा यादीच्या बाहेर जाता कामा नये. ही अट कायद्यात लिहून घेतली, तर बौद्ध तरुणाने या अग्रक्रमाला विरोध करण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. काही कार्यकर्ते आमच्यावर रागावतील. रागवावे, पण खुल्या चर्चेत यावे.

एका गोष्टीची मात्र आम्हाला खरोखर काळजी वाटते. वाटणी आकड्यांवर होणार असेल तर आपले आकडे कुठे आहेत? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाखांवर होते, पण अनुसूचित जातींत मोजले गेलेले बौद्ध सुमारे ५२ लाख. मधले तेरा लाख कुठे गेले? बहुतेकांनी धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिले आणि जातीच्या रकान्यातही बौद्धच. १९५० च्या आदेशाच्या यादीत बौद्ध नावाची जात नाही, महाराष्ट्राच्या यादीत ३७ व्या क्रमांकावर महार आहे. १९५६ पासून १९९० पर्यंत, तब्बल चौतीस वर्षे, धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती नव्हत्या. १९९० च्या दुरुस्तीने त्या मिळाल्या, पण त्या मूळ जातीच्या नोंदीवरच मिळतात. नुसते 'नवबौद्ध' लिहिलेला दाखला घेऊन केंद्राच्या नोकरीला गेलेली मुले मुलाखतीच्या टेबलावरून परत आलेली आम्ही पाहिली आहेत. 'आम्ही जात सोडली, पुन्हा का लिहायची?' हा सवाल स्वाभिमानाचा आहे, त्याचा आम्हाला आदर आहे. पण शासनाच्या दप्तरातील तो रकाना आपली श्रद्धा विचारत नाही. आपल्या बापजाद्यांवर कोणत्या नावाने अन्याय झाला, एवढेच तो विचारतो. १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाच्या जनगणनेत जातींची गणना आहे. धर्म बौद्ध, आणि अनुसूचित जातीच्या रकान्यात यादीतील नाव, अशी नोंद विहाराविहारातून समजावून सांगितली पाहिजे. मातंग बांधवांनीही मांग, मातंग, मिनीमादिग यातील जे दाखल्यावर असेल तेच सांगावे.

तोवर हात बांधून बसायचे नाही. आपल्या तालुक्यातील पंचायत समिती, नगरपालिका, अनुदानित महाविद्यालय आणि वीज कंपनीचे कार्यालय यांच्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे दोन अर्ज वेगळे करा. पहिल्यात विचारा की, बिंदूनामावली मागासवर्गीय कक्षाकडून शेवटची कधी तपासली, अनुसूचित जातीची मंजूर, भरलेली व रिक्त पदे संवर्गनिहाय किती, आणि प्रत्येक रिक्त पद कोणत्या तारखेपासून रिक्त आहे. दुसऱ्यात विचारा की, बाह्ययंत्रणेमार्फत किती माणसे काम करतात आणि ती कोणत्या मंजूर पदांच्या जागी. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते. एक अर्ज बौद्ध वस्तीतील मुलाने करावा, दुसरा मातंग वस्तीतील मुलीने, आणि दोघांनी एकाच दिवशी जाऊन पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर त्यापुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील करायचे. अपिलाचा मसुदा आम्ही करून देऊ.